पूर येतो कोठून?

सांगलीच्या आकाशात स्वच्छ ऊन पडलेले असावे, दोन दिवसांत पावसाचा थेंबही झालेला नसावा आणि आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचे पाणी मात्र तासागणिक चढत असावे, हा अनुभव या शहरातील प्रौढ मनुष्यास नवा नाही. अशा दिवशी पुलाच्या कठड्याशी माणसांची दाटी होते. आज किती फूट झाले, रात्रीतून किती चढेल, याची चर्चा चालते. त्या चर्चेत दोन प्रश्न हटकून निघतात. कोयनेतून किती सोडले, हा पहिला; आणि आलमट्टीतून किती सोडतात, हा दुसरा. वरच्याने सोडले म्हणून पूर येतो आणि खालच्याने अडविले म्हणून तो उतरत नाही, एवढ्यात सारा न्यायनिवाडा उरकून मंडळी घरोघर जातात. या दोहोंच्या मध्ये जी सांगली आहे, तिने स्वतः काय केले, हा तिसरा प्रश्न पुलावर कोणी विचारीत नाही. पावसाळा दूर असतो तेव्हाच असा प्रश्न शांत चित्ताने विचारता येतो, म्हणून आज तो येथे विचारण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पाण्याचे मूळ पाहू. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; गगनबावड्याकडेही तोच प्रकार. तेथून पाऊणशे-शंभर किलोमीटर पूर्वेला यावे, तो हा आकडा पाचशे-सहाशेवर उतरतो. सांगली जिल्ह्याचा जत-आटपाडीकडील भाग तर टँकरची वाट पाहणारा. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या पश्चिमेस घरात पाणी शिरते, त्याच्याच पूर्वेस घागरीत पाणी नसते, आणि हे एकाच वर्षी घडू शकते. आमचा पूर आमच्या पावसाचा नव्हे. तो सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा, उशिराने हाती आलेला हिशेब आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरांच्या घरात पाऊस झाला. सांगलीत सबंध वर्षात जितका पडतो, तितका तेथे एका दिवसात पडला. त्या पाण्याला वाहून जाण्यास पूर्वेचा उतार मोकळा होता, आणि पूर्वेला आम्ही आहोत.

परंतु नुसता पाऊस सांगून पुराचे कारण सांगितले असे होत नाही. नदी उगमाशी जी असते, ती खाली राहत नाही, ही गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाईस पोहोचेपर्यंतच सहाशे मीटरांहून अधिक खाली येते. तेथे ती पहाडी ओढ्याच्या स्वभावाची आहे: वेगवान, उथळ, दगडगोट्यांवरून उड्या घेणारी. पाऊस झाला की काही तासांत फुगते आणि थांबला की तितक्याच तासांत ओसरते. माहुलीस वेण्णा मिळते, पुढे उरमोडी आणि तारळी मिळतात, कऱ्हाडास कोयना समोरासमोर येऊन तिला भिडते. इतक्या नद्यांचे पाणी पोटात घेऊन ती पुढे निघते, तेव्हा तिची रुंदी आणि खोली वाढलेली असते, पण उतार जवळजवळ संपलेला असतो. कऱ्हाडाच्या पुढे तिला किलोमीटरमागे हातभरही उतार मिळत नाही. पाणी अनेकपट आणि त्याला पुढे ढकलणारा उतार मात्र नाममात्र, अशी ही अवस्था. वेग मंदावला की नदी आपले ओझे खाली ठेवते. जड गोटे ती वरच सोडून आलेली असते, मग वाळू ठेवते, आणि शेवटी तो बारीक काळा गाळ, ज्याच्या जिवावर आमच्या काठची मळी आणि तीवरचा ऊस उभा आहे. सपाटीवर आलेली नदी सरळ चालत नाही, वळणे घेते. एका काठाचे खाते, दुसऱ्या काठास देते. सांगलीभोवतीचा नकाशा पाहिला म्हणजे कृष्णेची ही नागमोडी चाल शाळकरी मुलाच्याही लक्षात येईल.

अशा नदीचे पात्र एक नसते, दोन असतात. एक उन्हाळ्याचे, दोन काठांमधले, जे आपण नदी म्हणून ओळखतो. आणि दुसरे पावसाळ्याचे, काठांच्या पलीकडे दूरवर पसरलेले, जे आपण जमीन म्हणून ओळखतो. हे दुसरे पात्र कोणी सरकारने आखून दिलेले नाही. नदीनेच हजारो वर्षे गाळ पसरून ते सपाट केले आहे. वरून येणाऱ्या पाण्याचा लोंढा येथे आडवा पसरतो, काही काळ विसावतो आणि हळूहळू पुढे जातो. त्यामुळे पुराचा माथा खाली येतो आणि त्याची मुदत लांबते. वाईला जो पूर काही तासांचा असतो, तो सांगलीला आठवडाभराचा होतो, याचे कारण हेच. अशा रुंद जागेत पसरल्यामुळेच खालच्या गावांवर एकदम भिंतीसारखे पाणी येत नाही. आता या जागेत भराव टाकला, तर पाणी नाहीसे होत नाही, ते फक्त शेजाऱ्याच्या अंगणात अधिक उंच चढते.

पूर्वजांना हे ठाऊक होते असे म्हणणे हल्ली वक्त्यांचा परिपाठ झाला आहे, आणि बहुधा ते पोकळ असते. तथापि नृसिंहवाडीचे उदाहरण पोकळ नव्हे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील त्या दत्तमंदिरात दरसाल पाणी शिरते. उत्तरेच्या दाराने आत येऊन पादुकांवरून ते दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवितात. देवाने नदीशी भांडण मांडलेले नाही. तिच्या येण्याजाण्याची सोय करून ठेवली आहे. हा सोहळा आलमट्टीच्या धरणाहून पिढ्यान् पिढ्या जुना आहे, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

संगमांचा एक गुणधर्म पुराच्या वेळी घात करतो. सांगलीच्या खालच्या अंगास हरिपुराशी वारणा मिळते, वाडीस पंचगंगा मिळते, पुढे दूधगंगा येते. एका तालुक्याच्या, शिरोळच्या, वाट्यास या चार नद्या आल्या आहेत. दोन्ही नद्या एकाच वेळी भरून आल्या तर जी थोरली असते ती धाकटीला आत येऊ देत नाही. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी वाडीपाशी थोपते आणि मागे मागे सरकत इचलकरंजीच्या बाजूने चढू लागते. तिकडे कोल्हापुरास कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांनी पाणी आणून ओतलेले असतेच. शिवाजी पुलापाशी मच्छिंद्री झाल्याचे वर्तमान आले की कोल्हापूरकर सावध होतो; पण त्या पाण्याला पुढे वाट मिळेल की नाही, हे कोल्हापुरात ठरत नाही, चाळीसपन्नास किलोमीटर खाली कृष्णेच्या पातळीवर ठरते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची खूण बारा फुटांहून अधिक मागे टाकली.

आता धरणांकडे वळू, कारण रोष त्यांच्यावर आहे. कोयनेचे पाणलोट क्षेत्र ८९० चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि तिची साठवण १०५ अब्ज घनफूट. जमीन आधीच भिजून तृप्त झालेली असेल तर एवढ्या क्षेत्रावरील शंभर मिलिमीटर पावसाचे सुमारे ३ अब्ज घनफूट पाणी धरणात येते. घाटमाथ्यावर शंभर मिलिमीटर म्हणजे काही नवल नव्हे. येणारा ओघ एक लाख क्युसेकचा झाला तर दिवसाला साडेआठ अब्ज घनफुटांहून अधिक भर पडते. धरणात वीस अब्ज घनफुटांची जागा शिल्लक असली, तर ती अडीच दिवसांच्या आत संपते. पुढे जेवढे वरून येईल तेवढे खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा धरण पूर आणते हे म्हणणे खरे नाही. भरलेले धरण पूर थांबवू शकत नाही, हे खरे आहे. रिकामी जागा हीच धरणाची पूर अडविण्याची एकमेव शक्ती होय. ही जागा जुलैअखेर किती राखावयाची, हा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक प्रश्न आहे.

आणि तो अवघडही आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ही धरणे पुरासाठी बांधलेली नाहीत. वीज आणि शेती यांसाठी बांधली आहेत. जुलैत धरण मुद्दाम रिकामे ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास ऑगस्टमध्ये पावसाने दगा दिला, तर पुढच्या मार्चमध्ये त्याला धारेवर धरणारा अग्रलेख बहुधा आम्हीच लिहू. म्हणून तो अधिकारी भरण्याच्या बाजूने चुकतो. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आठवडाभर आधीचा पावसाचा अंदाज हाती असताना पाणी थोडे थोडे आधीच सोडण्याचे लेखी अधिकार आणि त्या निर्णयाचे संरक्षण त्याला मिळाले पाहिजे. शिवाय धरणांच्या खाली आणि सांगलीच्या वर जो मोठा मुलूख आहे, त्यावरील पावसाला कोणतेच धरण अडवीत नाही. ते पाणी थेट नदीत येते. कोयनेचे पाणी येथे पोहोचण्यास सुमारे एका दिवसाचा अवधी घेते, हे मात्र आमचे भाग्य. तेवढ्या अवधीत माणसे, जनावरे आणि दप्तरे हलविता येतात, जर बातमी वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळाली तर. ‘इतके क्युसेक सोडले’ या वाक्यावरून गावभागातील गृहिणीने आपल्या उंबऱ्याला पाणी केव्हा लागेल हे कसे ओळखावे?

राहता राहिली आलमट्टी. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये सादर झाला. आलमट्टी आणि हिप्परगी यांच्या माथी त्या महापुराचे खापर फोडता येत नाही, असा तिचा अभिप्राय पडला. असाधारण पाऊस आणि नदीपात्रालगतची अतिक्रमणे यांकडे तिने बोट दाखविले. हा अभिप्राय पुष्कळांना रुचला नाही. आमचे मत असे की, सांगलीहून नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या जलाशयाचा फुगवटा जसजसा वर यावा तसतसा क्षीण होतो, हे शास्त्र खोटे ठरविण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. याचा अर्थ त्या धरणाला कायमचे निर्दोषत्व बहाल करावे असा मुळीच नव्हे. जलाशयाच्या मुखाशी नदी आपला गाळ टाकते आणि वर्षानुवर्षे तो मागे सरकत वर येतो. ज्या नदीला उतारच नाही तिला याची झळ अधिक लागते. आज आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६ मीटर आहे. २०१० च्या लवादाच्या निवाड्याने ती ५२४.२५६ मीटरांपर्यंत नेण्यास अनुमती दिली. साडेचार मीटरांहून अधिक असलेल्या या वाढीचा परिणाम वरच्या अंगास काय होईल, याचे मोजमाप दोन्ही राज्यांनी एकत्र बसून, एकाच आकड्यांवर करावयास हवे, आणि महाराष्ट्राने तो आग्रह सोडता कामा नये. परंतु शेजाऱ्याकडे बोट दाखविताना स्वतःच्या ओट्यावरील पाणी दिसेनासे होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कारण ओट्यावरचे पाणी पुष्कळ अंशी आमचेच आहे. सांगलीच्या जुन्या माणसांस ‘ओत’ हा शब्द ठाऊक आहे. नदी फुगली की ज्या नैसर्गिक खोलगट वाटांनी पाणी आत शिरे आणि नदी उतरली की ज्यांनी परत जाई, ते हे ओत. आज त्यांतील किती उघडे आहेत? कोठे मुरूम टाकून प्लॉट पाडले, कोठे रस्ता नेला आणि खाली एक सिमेंटची नळी बसवून समाधान मानले. पाणी आत येण्यास दुसऱ्या वाटा शोधते. बाहेर जाण्याची वाट मात्र आपण बुजविलेली असते. मग पुलावर उतार लागून चार दिवस झाले तरी सखल वसाहतींतील तळमजले पाण्यातच असतात. हे पाणी आलमट्टीने अडविले नाही. महामार्गांची गोष्ट वेगळी नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पावसाळी पात्रात उभा आहे. महापुरांत तो रस्ताही पाण्याखाली गेला आणि दिवसेंदिवस वाहतूक थांबली. भराव उंच केला तर रस्ता वाचेल, परंतु वरच्या बाजूची गावे बुडतील. तेथे कमानींचा किंवा खांबांवरील रस्ताच हवा, मग खर्च कितीही वाढो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगेही पावसाळ्यापूर्वी निघतात की नाही, हे दरसाल कोणीतरी पाहावयास पाहिजे.

पूररेषा कागदोपत्री आहेत. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल रेषा, अशी व्यवस्था आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. पण या ‘पंचवीस’ आणि ‘शंभर’ शब्दांनी सुशिक्षित माणसाचीही फसगत होते. शंभर वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंती, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. त्याचा अर्थ इतकाच की, कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक असतो, आणि गेल्या वर्षी आला म्हणून या वर्षीचा संभव कमी होत नाही. वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून कोणी लाल रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटण्यापूर्वी पाणी घरात येण्याचा संभव शंभरात अठरा आहे. निळ्या रेषेवर घेतले तर निम्म्याहून अधिक. हा साधा गुणाकार आहे. जो मध्यमवर्गीय गृहस्थ विम्याचा हप्ता भरताना चार कंपन्यांची पत्रके ताडून पाहतो, तो घर घेताना हा गुणाकार करीत नाही, कारण तो त्याच्यापुढे कोणी मांडीतच नाही. आणि हे आकडेही जुन्या पुरांवरून काढलेले असतात. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांवर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांवर, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. सोळा वर्षांत असे तीन पूर पाहिल्यावर रेषा पुन्हा मोजून आखावयास हव्यात, हे सांगण्यास समितीची गरज नाही.

रेषा पुन्हा आखल्या तर त्या आत सरकणार नाहीत, बाहेर सरकतील, आणि तेथेच खरी अडचण आहे. ज्यांची घरे आज बाहेर आहेत, ती उद्या आत येतील. त्यांच्या मिळकतीची किंमत पडेल, दुरुस्तीला परवानगी मिळणार नाही, बँका हात आखडतील. यांतील पुष्कळांनी रीतसर परवाना घेऊन, पै-पै साठवून घर बांधले आहे. त्यांना अपराधी म्हणणे अन्यायाचे होईल. परवाना देणाऱ्याचा अपराध घर घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. म्हणून निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या वस्तीस हलावयाचे असेल तर पर्यायी जागा शहराच्या हद्दीत आणि कामधंद्याच्या आवाक्यात दिली पाहिजे. दहा किलोमीटर दूरच्या माळावर नव्हे. नवीन भराव आणि नवीन परवाने मात्र आजच थांबले पाहिजेत. त्याला पुनर्वसनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

यात हयगय झाली म्हणजे काय होते, याची एक आठवण अद्याप या जिल्ह्यास झोपू देत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली. येरळा जेथे कृष्णेला मिळते ते हे गाव. एरवी कोरडीठाक असणारी, दुष्काळी मुलखातून येणारी येरळा. त्या नावेतील माणसे अविचारी नव्हती. सुटकेची दुसरी वाट उरली नाही तेव्हाच ती नावेत बसली. पाणी चढण्याला दिवस लागतात. ज्या पुराची चाहूल दिवसभर आधी लागते, त्यात माणसे बुडावीत, याचे उत्तर पावसाकडे मागता येत नाही.

महापालिकेने मेअखेरीपूर्वी करावयाच्या दोन गोष्टी आम्ही सुचवितो. ज्या ज्या वसाहतीत २०१९ चे पाणी चढले, तेथे विजेच्या खांबांवर त्या वर्षीची आणि २००५ ची खूण ठळक रंगाने काढावी, आणि आयर्विन पुलावर किती फूट झाले असता त्या खांबाशी पाणी लागते, तो आकडा खुणेखाली लिहावा. म्हणजे क्युसेकचे कोडे घरोघर सुटेल. दुसरे असे की, कोणत्याही प्लॉटचा किंवा सदनिकेचा व्यवहार होताना ती मिळकत कोणत्या रेषेच्या आत आहे, याचा दाखला खरेदीखतास जोडल्याशिवाय ते नोंदविले जाऊ नये, असा ठराव करून शासनाकडे पाठवावा. जमिनींचे भाव पडतील म्हणून या सूचनांना विरोध होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. कोणत्या जमिनींचे पडतील आणि विरोध कोण करील, हेही आमच्या वाचकांस सांगावयास नको.